मोठ्या कंपन्यांचं आर्किटेक्चर नेमकं ठरतं कशावरून?

मधली सुट्टी

मंडळी, इथे बरेच आयटीवाले आहेत म्हणून हा धागा काढतोय. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत बॅकएंडचं काम करतो, आठ-नऊ जणांची टीम, ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी गाड्या ट्रॅक करायचं सॉफ्टवेअर. सध्या एकच अ‍ॅप्लिकेशन, एक पोस्टग्रेस डेटाबेस, आणि नीट चाललंय. आता वरून आलंय की पुढच्या वर्षी सगळं "स्केलेबल" करा, म्हणजे पंधरा-वीस मायक्रोसर्व्हिसेस (अ‍ॅप्लिकेशनचे वेगवेगळे चालणारे छोटे तुकडे), मधे त्यांच्यात निरोप पोचवायला काफ्का, खाली हे सगळं मशिन्सवर चालवायला कुबरनेटीस. का म्हणून विचारलं तर उत्तर येतं की नेटफ्लिक्स असंच करतं, अ‍ॅमेझॉन असंच करतं. यूट्यूबवर सिस्टिम डिझाइनचे व्हिडिओ पाहिले तर तिथेही तेच चौकोन आणि बाण, पण अमुक चौकोन तिथे का आहे हे कोणीच सांगत नाही.

मला खरंच समजून घ्यायचंय की गूगल, अ‍ॅमेझॉन, फेसबुक वगैरे लोक हे ठरवतात कसं? सुरुवातीलाच कोणीतरी बसून आखतं का? आणि त्यातलं आमच्यासारख्यांनी घ्यायचं काय आणि सोडायचं काय?

रात्रपाळी

चांगला विषय काढलात, जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीला बसून कोणीही आखलेलं नाही. प्रत्येक चौकोन कुठल्यातरी दुखण्यातून आलेला आहे आणि ते दुखणं माहीत नसेल तर चौकोनाला काही अर्थ राहत नाही. गूगलचं उदाहरण घ्या. २००३ साली संजय घेमावत आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा जीएफएसवरचा, म्हणजे गूगलच्या फाइल साठवायच्या सिस्टिमवरचा पेपर आला. त्यांचं दुखणं काय होतं, तर महागडी स्टोरेज मशिन्स न घेता साधी स्वस्त मशिन्स शेकड्यांनी लावायची, आणि शेकड्यांनी मशिन्स आहेत म्हटल्यावर त्यातलं काहीतरी कायम बंद पडलेलं असणारच. म्हणून बिघाड हा अपवाद नाही, रोजचाच आहे असं धरूनच डिझाइन सुरू केलं. फाइलचे ६४ एमबीचे तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या ३ प्रती वेगवेगळ्या मशिनवर, एक मशिन गेलं की सिस्टिम आपणहून दुसऱ्या मशिनवर नवी प्रत करते, रात्री कोणाला उठवायची गरज नाही.

आणि गंमत वाटेल पण या सगळ्याचा हिशोब ठेवायला मास्टर एकच होता! आज कोणी इंटरव्ह्यूमधे एकच मास्टर काढला तर लगेच विचारतील की तो पडला तर काय. त्यांनी तो मुद्दाम एकच ठेवला, कारण एकच असला की तुकडे कुठे ठेवायचे याचे निर्णय सोपे होतात, आणि क्लायंट मास्टरला फक्त पत्ता विचारतो, खरा डेटा थेट तुकडा असलेल्या मशिनकडून घेतो, त्यामुळे मास्टरवर भार फार येत नाही. पुढे फाइल्स इतक्या वाढल्या की तो एक मास्टर पुरेना, मग त्यांनी कोलोसस ही पुढची सिस्टिम बांधली. पण तोवर त्या सोप्या डिझाइनने कंपनीला मोठं केलेलं होतं.

दुसरं उदाहरण अ‍ॅमेझॉनचं डायनॅमो, म्हणजे डेटा साठवायची सिस्टिम, २००७ चा पेपर. हे मला जास्त आवडतं कारण त्यात धंद्याचा निर्णय आणि इंजिनियरिंगचा निर्णय एकच आहे. प्रश्न होता शॉपिंग कार्टचा. नेटवर्क तुटलंय, दोन डेटा सेंटर एकमेकांशी बोलू शकत नाहीत, आणि गिऱ्हाईक कार्टमधे वस्तू टाकतंय. टाकू द्यायची की एरर दाखवायची? त्यांनी ठरवलं की काहीही झालं तरी टाकू द्यायची. मग कार्टच्या दोन वेगळ्या प्रती तयार होऊ शकतात, त्या नंतर एकत्र करायच्या, आणि एकत्र करताना कधीकधी काढून टाकलेली वस्तू पुन्हा कार्टमधे उगवते. पेपरमधे हे स्पष्ट लिहिलंय. टाकलेली वस्तू हरवायची नाही, त्यासाठी काढलेली वस्तू परत आली तरी चालेल. हे चालेल असं म्हणायचा अधिकार डेटाबेसवाल्याचा नाही, दुकान चालवणाऱ्याचा आहे. बँकेच्या खात्याला हाच नियम लावाल का? नाही लावणार.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की तुमच्याकडे बिघाड झाला तर काय हरवलेलं चालेल आणि काय अजिबात चालणार नाही. तो न विचारता काफ्का आणणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

नदीकाठ

वाचनखूण साठवली. डायनॅमोचं उदाहरण फार पटलं. मी टेस्टिंगमधे आहे, आमच्याकडे "काय हरवलेलं चालेल" हा प्रश्न आजवर कुठल्या मीटिंगमधे ऐकलेला नाही.

सह्यकडा

रात्रपाळींना +१. मी आपल्याकडचं उदाहरण देतो कारण सगळे अमेरिकेचीच देतात. हॉटस्टार, मुंबईची कंपनी. २०१९ चा वर्ल्डकप, भारत-न्यूझीलंड सेमीफायनल, पावसामुळे दुसऱ्या दिवशी गेलेली मॅच. त्या दिवशी एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक बघत होते, तेव्हाचा जागतिक विक्रम. पुढे २०२३ च्या फायनलला हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला.

आता बघा, एवढे लोक बघतायत म्हणजे व्हिडिओचाच ताण सगळ्यात मोठा असणार असं आपल्याला वाटतं, पण व्हिडिओ सीडीएनवरून, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवलेल्या सर्व्हरवरून जातो, तो ताण मोठा असला तरी ओळखीचा आहे. खरा घोर वेगळाच. मॅच बघत असलेला माणूस त्यांच्या सर्व्हरला फार थोडे प्रश्न विचारतो. धोनी आऊट झाला आणि लाखो लोकांनी एकदम बॅकचं बटण दाबलं, म्हणजे ते सगळे होमपेजवर आले, आणि होमपेज उघडलं की तुमच्यासाठी काय सुचवायचं, मागचं अर्धवट काय राहिलंय, सगळे एपीआय, म्हणजे सर्व्हरला विचारायचे प्रश्न, एकदम मारले जातात. म्हणजे प्रेक्षक कमी होत असताना बॅकएंडवरचा भार वाढतो! हे कुठल्याही ठरावीक चौकोन-बाणांच्या चित्रात सापडणार नाही, ते क्रिकेट आणि क्रिकेट बघणारी माणसं माहीत असल्याशिवाय कळत नाही. त्यांच्या इंजिनियरांनी हे जाहीर भाषणांमधे सांगितलेलं आहे.

म्हणून त्यांनी मॅचच्या आधी खोटा ट्रॅफिक तयार करून टेस्ट करायची स्वतःची यंत्रणा बनवली, आणि वेळ आली की रेकमेंडेशनसारख्या गोष्टी बंद करून फक्त मॅच चालू ठेवायची सोय केली. कुठली गोष्ट आधी बंद करायची, कुठली शेवटपर्यंत चालू ठेवायची, हे शांतपणे आधी ठरवून ठेवलेलं. मला विचाराल तर आर्किटेक्चर म्हणजे ही यादी.

नदीकाठ

पण क्लाउडवर ऑटोस्केलिंग असतं ना? ट्रॅफिक वाढला की मशिन्स आपोआप वाढतात, मग आधीपासून तयारी कशाला?

सह्यकडा

कारण मशिन उठायला वेळ लागतो. नवीन सर्व्हर सुरू होणार, त्यावर अ‍ॅप्लिकेशन चढणार, हेल्थ चेक पास होणार, विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमधे येणार, यात मिनिटं जातात. त्यांच्याकडे मिनिटाला दहा-दहा लाख लोक वाढत होते. मिनिटाला दहा लाख म्हणजे तुमचं ऑटोस्केलर जागं होईपर्यंत सगळं आडवं झालेलं असतं. म्हणून त्यांनी शिडी केली, इतके लोक आले की इतकी मशिन्स, आणि पुढच्या पायरीची मशिन्स कायम आधीच उभी. शिवाय इतक्या मोठ्या प्रमाणात क्लाउडकडे हव्या त्या प्रकारची मशिन्स त्या क्षणाला शिल्लक असतीलच याची खात्री नसते, हेही लक्षात घ्या. आणि विकेट पडली की मार्केटिंगवाले नोटिफिकेशन पाठवणार, त्याने अजून एक लाट येणार, म्हणजे नोटिफिकेशन कधी जाणार हे सुद्धा इंजिनियरांना माहीत पाहिजे.

कोरा कागद

मी सिअ‍ॅटलला असतो, इकडच्या मोठ्या कंपन्यांमधे बरीच वर्षं काढलीत, तर "ठरवतात कसं" या प्रश्नाच्या प्रक्रियेच्या बाजूबद्दल लिहितो, ती बाजू व्हिडिओंमधे येतच नाही.

डिझाइन सुरू होतं लिहिण्यापासून. अ‍ॅमेझॉनमधे बेझोसने २००४ च्या सुमारास वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि सहा पानांचं सलग लिखाण आणलं, मीटिंगची सुरुवातीची वेळ सगळे गप्प बसून ते वाचतात. गूगलकडे डिझाइन डॉक असतं. त्याचे दोन भाग मला सगळ्यात मोलाचे वाटतात. एक, आपण काय करणार नाही आहोत. दुसरा, कुठले पर्याय पाहिले आणि का सोडले. दुसरा भाग लिहायला बसलं की माणसाचं खरं ज्ञान उघडं पडतं, कारण "नेटफ्लिक्स करतं म्हणून" हे तिथे लिहिता येत नाही, शेजारच्या टीमचे लोक कॉमेंटमधे आकडे मागतात.

आणि आकडे म्हणजे काय तर अंदाज, पाकिटाच्या मागे करतो तसे. गूगलच्या जेफ डीनने एक छोटा तक्ता लोकप्रिय केला, तो आता जुना झालाय पण प्रमाण कळायला अजून उपयोगी आहे. मेमरीतून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद, एकाच डेटा सेंटरमधे जाऊन यायला अर्धा मिलिसेकंद, फिरत्या डिस्कवर जागा शोधायला १० मिलिसेकंद, कॅलिफोर्निया ते नेदरलँड्स जाऊन यायला १५० मिलिसेकंद. हे चार आकडे डोक्यात ठेवले तर कितीतरी डिझाइन्स कागदावरच बाद होतात. मेमरीतलं एक फंक्शन काढून दुसऱ्या सर्व्हिसमधे टाकलं म्हणजे नॅनोसेकंदाचं काम अर्ध्या मिलिसेकंदावर नेलं, हजारो पटींनी महाग, ते करायला तसंच भक्कम कारण लागतं.

तुमचंच घेऊ. समजा १०,००० गाड्या, प्रत्येक गाडी दर १० सेकंदाला लोकेशन पाठवते. म्हणजे सेकंदाला १,००० नोंदी. एक नोंद १०० बाइट धरली तर सेकंदाला १०० केबी, दिवसाला साडेआठ जीबीच्या आसपास. हे बऱ्यापैकी मशिनवरचं एक पोस्टग्रेस सहज पेलतं, नोंदी एकेक न टाकता गठ्ठ्याने टाका आणि टेबलाचे दिवसावार पार्टिशन (तुकडे) करा म्हणजे जुना डेटा काढायचा तर अख्खं पार्टिशन उडवता येतं. तुमचे खरे आकडे काय आहेत?

मधली सुट्टी

दोन हजारच्या आसपास गाड्या, दर ३० सेकंदाला पिंग. म्हणजे सेकंदाला ६६-६७ नोंदी. कागदावर मांडल्यावर वेगळंच दिसतंय हे.

कोरा कागद

मग हा आकडा पहिल्या पानावर घालून वरच्यांना द्या, गाड्या दहापट झाल्या तर काय होईल तेही पुढच्या ओळीत लिहा. आधी तेवढं करा.

टपरीवरचा चहा

सगळे डेटाबद्दल बोलतायत, मी माणसांबद्दल बोलतो. मेल्विन कॉनवे नावाच्या माणसाने १९६८ साली लिहून ठेवलंय की कुठलीही संस्था जी सिस्टिम बनवेल तिचा आकार त्या संस्थेतल्या संवादाच्या आकारासारखाच होणार. मायक्रोसर्व्हिसेस मुळात ट्रॅफिकसाठी आल्याच नाहीत हो (हे माझं वैयक्तिक मत), त्या आल्या माणसं वाढली म्हणून. हजार लोक एकाच कोडमधे हात घालतायत, एकाचा बदल दुसऱ्याला अडवतोय, रिलीज आठवडे-आठवडे लटकतेय, मग तोडा तुकडे, द्या एकेक टीमला, तू तुझं तुझं रिलीज कर फक्त एपीआय मोडू नकोस. अ‍ॅमेझॉनमधे २००२ च्या सुमाराला बेझोसचा हुकूम निघाला की सगळ्या टीमनी एकमेकांशी फक्त सर्व्हिस इंटरफेसमधूनच बोलायचं, दुसऱ्याच्या डेटाबेसात थेट डोकवायचं नाही, आणि इंटरफेस असा करायचा की उद्या बाहेरच्याला विकता येईल. ही गोष्ट पुढे २०११ मधे स्टीव्ह येगी या तिथल्या जुन्या इंजिनियरच्या लिखाणामुळे जगाला कळली. आणि टीम केवढी, तर दोन पिझ्झ्यांत भागेल एवढी.

आता धागाकर्त्यांची आख्खी टीमच दोन पिझ्झ्यांत भागते! मग पंधरा सर्व्हिसेस कोणात वाटणार? एकेका माणसाकडे दोन-दोन, आणि तो सुट्टीवर गेला की त्या दोन सर्व्हिसेस अनाथ.

खडू फळा

टपरीवरचा चहा यांच्याशी बराचसा सहमत, पण एक दुरुस्ती. ट्रॅफिकचा काहीच संबंध नाही असं म्हणता येणार नाही. भाग वेगळे केले की वेगवेगळे वाढवता येतात हे खरंच आहे आणि ते कधीकधी अत्यावश्यक असतं.

ट्विटरचं टाइमलाइन बघा. २०१२ च्या आसपासचे त्यांनीच सांगितलेले आकडे, नवीन ट्वीट सेकंदाला पाच हजारच्या घरात, पण टाइमलाइन वाचायच्या विनंत्या सेकंदाला तीन लाख. लिहिणं आणि वाचणं यात साठपट फरक. मग त्यांनी कष्ट लिहितानाच करून टाकले, तुम्ही ट्वीट केलं की ते तुमच्या प्रत्येक फॉलोअरच्या तयार यादीत जाऊन पडतं, वाचणाऱ्याला नुसती तयार यादी मिळते. सुंदर. पण लेडी गागाला तेव्हा तीन कोटींवर फॉलोअर होते, तिच्या एका ट्वीटला तीन कोटी याद्या बदलायच्या. तोपर्यंत कोणीतरी दिलेलं उत्तर मूळ ट्वीटच्या आधी दिसायला लागतं. म्हणून मग दुहेरी पद्धत, साध्या लोकांचं लिहितानाच वाटून टाकायचं आणि प्रसिद्ध लोकांचं वाचणाऱ्याने मागितल्यावर ऐन वेळी मिसळायचं. इथे वाटप करणारा भाग आणि वाचून देणारा भाग यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की ते वेगळे ठेवणंच बरं.

पण हा निर्णय आला कुठून? वाचन-लेखनाचं प्रमाण मोजण्यातून, आणि सरासरी माणूस व टोकाचा माणूस यांतला फरक बघण्यातून.

आणि उलट दिशेची उदाहरणंही सांगायलाच हवीत. व्हॉट्सअ‍ॅप २०१४ साली फेसबुकने १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं तेव्हा ४५ कोटी वापरकर्ते होते आणि इंजिनियर काही डझन. अर्लांग ही टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सनमधे जन्मलेली भाषा, फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि एका सर्व्हरवर वीस लाखांपर्यंत कनेक्शन्स त्यांनी २०१२ मधेच गाठली होती. इन्स्टाग्राम २०१२ मधे विकलं गेलं तेव्हा १३ माणसं आणि ३ कोटी वापरकर्ते, पायथन आणि पोस्टग्रेस. स्टॅक ओव्हरफ्लो २०१६ मधे ९ वेब सर्व्हरवर चालत होतं, एकच मोठं अ‍ॅप्लिकेशन. आणि खुद्द अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका टीमने २०२३ मधे लिहिलं की त्यांची व्हिडिओ दर्जा तपासायची सिस्टिम सुट्या सुट्या तुकड्यांतून एकाच प्रोसेसमधे आणली आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त कमी झाला. ते अख्खं प्राइम व्हिडिओ नव्हतं, एकच सिस्टिम होती, हे पण सांगतो, कारण त्या बातमीचा फार विपर्यास झाला.

टपरीवरचा चहा

मान्य. साठपटीचा आकडा भारी आहे.

नदीकाठ

गूगलचा सगळा कोड एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) असतो म्हणतात, म्हणजे गूगलचं पण मोनोलिथच, एकच मोठं अ‍ॅप्लिकेशनच ना?

खडू फळा

नाही, दोन्ही वेगळं. कोड एका ठिकाणी ठेवणं हा एक निर्णय आणि तो किती प्रोसेसमधे चालवायचा हा दुसरा. गूगलने २०१५ च्या सुरुवातीचे आकडे छापलेत, एकाच रिपॉझिटरीत साधारण २ अब्ज ओळी. पण त्यातून हजारो वेगवेगळ्या सर्व्हिसेस बनतात. एका ठिकाणी असल्याचा फायदा असा की एखादी लायब्ररी बदलली तर ती वापरणारे सगळे त्याच बदलात दुरुस्त करता येतात, कोण जुन्या व्हर्जनवर अडकलाय हे शोधत बसावं लागत नाही. त्यासाठी बिल्डची आणि टेस्टची अवजारं त्यांना स्वतः बनवावी लागली, तो खर्च मोठा आहे.

रात्रपाळी

सर्व्हिसेस वाढवल्यावर एक गोष्ट होते ती कोणीच सांगत नाही, म्हणून परत येऊन लिहितोय. जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ मधे हा हिशोब मांडला. समजा एका सर्व्हरचं उत्तर शंभरातून ९९ वेळा झटकन येतं आणि एकदा मात्र एक सेकंदाहून जास्त लागतो. एक टक्का, काहीच नाही असं वाटतं. पण तुमची एक विनंती अशा १०० सर्व्हरना एकदम विचारत असेल आणि सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय पुढे जात नसेल, तर एका सेकंदाहून जास्त थांबावं लागणाऱ्या विनंत्या किती? ६३ टक्के! ०.९९ चा शंभरावा घात करून बघा, ०.३७ च्या आसपास येतो. पंगतीत शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही, तसं आहे हे, एक सावकाश जेवणारा असला की आख्खी पंगत बसलेली.

म्हणून हे लोक सरासरी बघतच नाहीत, ९९ वा, ९९.९ वा पर्सेंटाइल बघतात, म्हणजे शंभरातली किंवा हजारातली सगळ्यात हळू विनंती किती वेळ घेते ते. डायनॅमोच्या पेपरातही अट अशीच आहे, ९९.९ टक्के विनंत्यांना ३०० मिलिसेकंदात उत्तर. आणि उपाय पण किती साधा बघा, थोडा वेळ वाट बघायची, उत्तर नाही आलं तर तीच विनंती दुसऱ्या प्रतीकडे पाठवायची आणि जे आधी येईल ते घ्यायचं. गूगलच्या बिगटेबल या डेटाबेसवर एका चाचणीत १० मिलिसेकंद थांबून दुसरी विनंती पाठवल्यावर ९९.९ व्या पर्सेंटाइलचा वेळ १८०० मिलिसेकंदांवरून ७४ वर आला, आणि जास्तीच्या विनंत्या फक्त २ टक्के. जास्त मशिन्स नाहीत, नवीन डेटाबेस नाही. मला हे वाचून अजूनही आनंद होतो.

काउंटर नंबर चार

मी बँकांच्या पेमेंट सिस्टिमवर काम करतो, मुंबईत. वरच्या प्रतिसादाला एक सावधगिरी जोडतो, कारण दुसरी विनंती पाठवणं हे वाचण्याच्या कामाला ठीक आहे, आणि तेही सिस्टिम निरोगी असताना. ती आधीच धापा टाकत असेल आणि सगळ्यांनी पुन्हा पुन्हा विचारायला सुरुवात केली तर ती मरते. २०२५ च्या १२ एप्रिलला यूपीआय अडकलं होतं ते आठवत असेल. कारण जे समोर आलं ते हेच होतं, व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर. पैसे गेले का, गेले का, गेले का असं बँकांच्या सिस्टिम्स पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, काही तर जुन्या व्यवहारांबद्दलही. मग यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने त्या विचारण्यावर मर्यादा घातल्या, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून आपल्यासारख्यांना एका अ‍ॅपवरून दिवसात ५० वेळाच बॅलन्स बघता येतो. लोकांना ती कटकट वाटली पण ऐन गर्दीत बॅलन्सची चौकशी आणि खरं पेमेंट एकाच रांगेत उभे असतात, पेमेंटला जागा मिळायलाच हवी.

म्हणून रिट्राय करायचा तर दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करत जायचा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळायचा, नाहीतर सगळे क्लायंट एकाच ठोक्याला परत येतात. आणि एका मर्यादेनंतर गप्प बसायचं.

मोठे बंद पडतात ते बहुतेक वेळा ट्रॅफिकने नाही, हेही लिहून ठेवतो. २८ फेब्रुवारी २०१७, अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही फाइल साठवायची क्लाउड सेवा बंद पडली. बिलिंगच्या सिस्टिममधली अडचण शोधताना एका कमांडमधे चुकीचं इनपुट गेलं आणि हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. ते परत उभं करायला वेळ लागला कारण त्या मोठ्या रिजनमधे (डेटा सेंटरांच्या गटात) ते सर्व्हर ज्या सबसिस्टिमचे होते ती कित्येक वर्षांत पूर्ण बंद करून सुरू केलेलीच नव्हती, आणि त्या वर्षांत ती प्रचंड वाढलेली. शिवाय अ‍ॅमेझॉनचा स्टेटस दाखवणारा डॅशबोर्डच एस-थ्रीवर अवलंबून, त्यामुळे त्यावर खरी स्थिती टाकता येईना. नंतर त्यांनी काय बदललं, तर ती कमांड एका वेळी थोडीच मशिन्स काढू शकेल असं बंधन घातलं आणि सबसिस्टिमचे छोटे छोटे कप्पे पाडायचं काम पुढे आणलं, म्हणजे एक कप्पा गेला तरी बाकीचे चालू.

फेसबुकचं ४ ऑक्टोबर २०२१. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटर्सना जोडणारं अख्खं अंतर्गत नेटवर्क खाली आलं. अशा कमांड अडवणारं टूल होतं, त्यातच बग. डेटा सेंटर दिसत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या, सर्व्हरनी नियमाप्रमाणे स्वतःला इंटरनेटवरून मागे घेतलं, म्हणजे फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळ्यांचा पत्ताच पुसला गेला. दुरुस्तीची अंतर्गत टूल्सही त्याच नेटवर्कवर, म्हणून माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरला पाठवावी लागली, आणि तिथे सहजासहजी आत शिरता येऊ नये म्हणूनच ती बांधलेली. सहा तासांच्या आसपास गेले. प्रत्येक सुरक्षेचा उपाय आपापल्या जागी बरोबर होता, एकत्र आल्यावर त्यांनी वाट अडवली.

सह्यकडा

उत्तम प्रतिसाद. म्हणूनच नेटफ्लिक्सचं मला कौतुक आहे. २००८ च्या ऑगस्टमधे त्यांचा डेटाबेस बिघडून तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नव्हत्या, तिथून त्यांनी क्लाउडकडे जायला सुरुवात केली आणि ते स्थलांतर संपलं २०१६ च्या जानेवारीत. सात वर्षं! एका वर्षात सगळं बदला म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा. आणि मधे त्यांनी केऑस मंकी बनवलं, जे चालू सिस्टिममधले सर्व्हर मुद्दाम बंद पाडतं, आणि तेही कामाच्या वेळेत, म्हणजे माणसं जागेवर असताना दुबळेपणा कळावा.

मधली सुट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुठल्याच कोर्समधे मिळालं नव्हतं. मी असं लिहून द्यायचं ठरवतोय: अ‍ॅप्लिकेशन एकच ठेवायचं पण आत कप्पे नीट पाडायचे, बिलिंगने ट्रॅकिंगच्या टेबलात थेट हात घालायचा नाही. गाड्यांचे पिंग घेणारा भाग तेवढा वेगळा प्रोसेस, कारण त्याचा स्वभाव वेगळा आहे आणि रिपोर्ट अडकला म्हणून पिंग हरवता कामा नये. काय हरवलेलं चालेल: एखादा पिंग चालेल. काय नाही चालणार: डिलिव्हरी झाल्याची नोंद आणि पैसे. आकडे पहिल्या पानावर.

यात काही राहिलं का?

खडू फळा

छान आहे. ऑनलाइन दुकानांचं सॉफ्टवेअर देणारं शॉपिफायही इतकं मोठं होऊन त्यांचं मुख्य रेल्स अ‍ॅप्लिकेशन आत कप्पे पाडून एकच ठेवतं, हे उदाहरण जोडा. आणि "कुठले पर्याय सोडले" या भागात मायक्रोसर्व्हिसेस प्रामाणिकपणे लिहा, टीम किती मोठी झाली की पुन्हा विचार करू तेही लिहा. वरच्यांना नुसता नकार नको असतो, कधी ते हवं असतं.

काउंटर नंबर चार

डिलिव्हरीची नोंद हरवायची नाही म्हणताय तर ड्रायव्हरच्या मोबाइलवरून ती पुन्हा पुन्हा येणार हे धरूनच चला. घाटात रेंज जाते, सर्व्हरवर नोंद झालेली असते पण उत्तर फोनपर्यंत पोचत नाही, अ‍ॅप परत पाठवतं, आणि एकाच डिलिव्हरीची दोन बिलं निघतात. प्रत्येक नोंदीला एक युनिक की, म्हणजे पुन्हा न येणारी ओळख, द्या, ती फोनवर बटण दाबलं तेव्हाच तयार व्हायला हवी, सर्व्हरवर नाही. पोस्टग्रेसमधे त्या कॉलमवर युनिक बंधन घाला, दुसऱ्यांदा तीच की आली की पहिल्या वेळचंच उत्तर परत द्या.

मधली सुट्टी

ती की किती दिवस जपून ठेवायची?

काउंटर नंबर चार

फोन जास्तीत जास्त जितका काळ परत पाठवत राहू शकतो त्याहून जास्त. ड्रायव्हर दोन दिवस रेंजबाहेर राहून, फोन बंद करून, तिसऱ्या दिवशी चालू करतो हे गृहीत धरा. तुमच्या आकड्यांना महिनाभर ठेवली तरी टेबल काही फार मोठं होणार नाही. आणि की व डिलिव्हरी दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमधे लिहा, म्हणजे दोन्ही लिहिलं जाईल नाहीतर काहीच नाही, एवढ्यासाठी तरी तुमचं ते एकच पोस्टग्रेस सोडू नका.